कागदावर मेलेला घोडा

खात्यातली माणसं सुधारतात की नाही ते देव जाणे, पण खातं सुधारायची हौस मात्र दर काही वर्षांनी कुणाला ना कुणाला येतेच. या खेपेला राजधानीतून एक तरुण मेजर आला होता. इस्त्रीचा गणवेश, मऊ हात. जिल्हा ठाण्याच्या दालनात त्यानं सगळ्यांना बसवलं, भिंतीवर पडदा लावला आणि खात्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. क्रांतीनंतर मिलित्सिया, म्हणजे सोव्हिएत पोलीस, कशी उभी राहिली, डोंगरातल्या टोळ्यांशी कशी लढली, मग सोव्हिएत राज्य गेलं, किर्गिझ देश आपल्या पायावर उभा राहिला, टोप्यांवरचा बिल्ला बदलला, माणसं तीच राहिली. मधल्या काही वर्षांबद्दल मेजर काहीच बोलला नाही. तेव्हा पगार महिनोन्‌महिने यायचा नाही आणि डोंगरातले शिपाई मेंढपाळांच्या दह्याच्या वड्यांवर दिवस काढायचे. ते त्याला कुणी सांगितलंच नसावं.

शेवटी पडद्यावर चौकोन आले. सगळ्यात वर मंत्रालय, त्याखाली प्रांत, त्याखाली जिल्हे, आणि जिल्ह्यांच्या खाली गस्त, तपास, वाहतूक अशी पिल्लावळ. कप्तान कासिमअली मागच्या बाकावर बसून आपला चौकोन शोधत होता. डावीकडून शोधला, उजवीकडून शोधला. मग उठला आणि त्यानं विचारलं, की साहेब, कोक-बेल खिंडीची घोडचौकी कुठं दाखवलीय?

मेजरनं हातातली काडी खाली केली. "घोडचौकी? म्हणजे अजून आहे ती?"

दालन खो खो हसलं. कासिमअलीही हसला, कारण साहेब हसला की हसायचं असतं हे त्याच्या अंगी मुरलं होतं. शेजारी बसलेला हवालदार रिस्केल्दी तेवढा हसला नाही.

खिंडीखालच्या त्या चौकीत ही दोघंच माणसं उरली होती. एकेकाळी तिथं अख्खी तुकडी होती आणि तबेलाभर घोडी होती. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर गेले की चोरटे निघायचे, आणि जिथं जीपचं चाक फिरत नाही तिथं घोडाच लागतो. हे पडद्यावर चौकोन काढणाऱ्याला कोण सांगणार? एकेक घोडं म्हातारं झालं, गेलं, नवं आलं नाही. शेवटी एकच राहिलं. तांबूस अंगाचं, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून नाव काश्का. दोघांत मिळून तो एकच घोडा. एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं चौकीतला चहा पीत वाट बघायची.

खरं बोलायचं तर काश्कावर जास्त बसायचा तो कासिमअलीच. कप्तान ना तो! रिस्केल्दी वयानं मोठा, म्हणून कासिमअली त्याला मानानं 'रिस्के' म्हणायचा, पण हुकूम त्याचा चालायचा. एका हिवाळ्यात हिमाच्या वादळात कासिमअलीची वाट चुकली, पापण्या गोठल्या, हातातले लगाम सुटले. काश्कानं त्याला पाठीवर तसाच चौकीच्या दारात आणून उभा केला. रिस्केल्दीनं त्याला ओढून आत घेतलं, पाय बर्फानं चोळले, आणि मग त्याच्याआधी घोड्याला पाणी पाजलं. त्यावरून कासिमअलीनं पुढं कितीतरी वर्षं त्याला टोमणे मारले. रिस्केल्दीचं उत्तर ठरलेलं असे, की काम ज्यानं केलं त्याला आधी पाणी.

तर चौकी मोडली. आणि प्रत्येकाची नव्यानं परीक्षा घ्यायची ठरली. पास होईल तो नव्या खात्यात, नापास होईल तो घरी. कासिमअलीनं म्हातारपणी पुस्तकं हातात धरली, कलमं घोकली, कायद्यांच्या तारखा पाठ केल्या. त्यानं रिस्केल्दीलाही बळंच बसवलं. पण रिस्केल्दीचं ध्यान खिडकीबाहेर. म्हणायचा, मला चोराच्या घोड्याचा माग विचारा, कोणत्या पायानं लंगडतो तेही सांगेन.

परीक्षेत त्यांनी माग विचारला नाही. त्यांनी विचारलं, आपल्या खात्याची स्थापना कोणत्या हुकमानं आणि कोणत्या तारखेला झाली?

रिस्केल्दी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "तारीख काही येत नाही साहेब. पण पहिल्या तुकडीत माझे आजोबा होते. त्यांच्या घोड्याचं नाव सांगू का?"

झालं. नापास. ज्याचा आजा खात्याच्या पायाचा दगड, तो खात्याचा इतिहास येत नाही म्हणून घरी गेला. ना निरोपसमारंभ, ना हार, ना साधं भिंतीवरचं घड्याळ. गणवेश जमा करून घेतला आणि पोचपावती दिली. कासिमअली पास झाला. त्याला राजधानीत गस्तीच्या गाडीवर नेमलं. पेन्शनीला थोडीच वर्षं राहिली होती, तेवढी रेटायची.

राहिला काश्का. नव्या नियमानं खात्याची सगळी जनावरं एकाच ठेकेदाराला जायची होती, आणि तो ठेकेदार मांसाचा होता. घोडं खाण्याचं इथं कुणाला वावडं नाही, सणावाराला तेच शिजतं. पण ज्याच्या पाठीवर बसलो ते जनावर ट्रकमध्ये कोंबून कारखान्यात धाडणं वेगळं. कासिमअलीनं अर्ज केला, की म्हातारा घोडा आहे, मी विकत घेतो. उत्तर आलं, एकट्यादुकट्याला विकायची तरतूद नाही. कासिमअली दोनदा वरपर्यंत जाऊन आला. साहेबलोक चहा पाजायचे, हळहळायचे आणि तरतूद नाही म्हणायचे.

तेव्हा त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. पशुवैद्य कादिर त्याचा शाळूसोबती. दोघांनी मिळून पंचनामा केला, की सदर घोडा खिंडीत पोटशूळानं मेला, मढं हिमात गाडलं गेलं, आणता आलं नाही. कादिरनं सही करताना एवढंच बजावलं, की हे बाहेर आलं तर माझं दुकान बंद आणि तुझी पेन्शन गेली, तेव्हा तेरी भी चूप आणि मेरी भी चूप. त्याच दुपारी मेलेला काश्का आपल्या चार पायांनी चालत ताश-बुलाक गावी रिस्केल्दीच्या अंगणात गेला.

"रिस्के, ही अमानत," कासिमअली म्हणाला. "शहरात पाचव्या मजल्यावर मी घोडा कुठं बांधू? पेन्शन झाली की गावी येतो आणि घेऊन जातो."

"ये की," रिस्केल्दी म्हणाला. "तोवर पाणी आधी त्यालाच पाजीन."

रिस्केल्दीची बायको उमसुनाय दारात उभी होती. इथल्या रीतीनं सासरच्या माणसांची आणि नवऱ्याच्या सोबत्यांची नावं सून तोंडात घेत नाही, टोपणनावं पाडते. कासिमअलीला तिनं पहिल्या भेटीतच 'लांबू' करून टाकलं होतं. ती हसत म्हणाली, की लांबूनं आमच्याकडं एक तोंड वाढवलं, गवत कोण कापणार? आणि मग तिनंच पहिली पेंढी आणून टाकली.

गाव म्हणजे गाव. चौकशा सुरू झाल्या. इतकी वर्षं हाडं झिजवलीस, रिस्केल्दी, खात्यानं तुला दिलं काय? तो माणूस काय सांगणार? पोचपावती दिली म्हणून सांगणार? एके दिवशी त्यानं अंगणाकडं बोट केलं आणि म्हणाला, घोडा दिला. सन्मानानं दिला. गावाला ते पटलं आणि आवडलंही. किर्गिझ माणसाला निरोप देताना घोडा देतात, घड्याळं काय करायचीत! त्याचा थोरला भाऊ तोक्तोसुन तर चारचौघांत छाती काढून सांगायला लागला, की आमच्या धाकट्याला सरकारनं घोडा दिला.

रिस्केल्दीनं फोनवर ही थाप कासिमअलीला ओशाळून सांगितली. कासिमअली हसला. म्हणाला, सांग की, माझ्या बापाचं काय जातंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शहरात कासिमअलीला नवा गणवेश मिळाला, नवी गाडी मिळाली, आणि चौकात उभं राहून पोरासोरांच्या शिव्या खाण्याचं काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी तो फोन करायचा. काश्काचे दात कसे आहेत, खूर कापले का, हिवाळ्याचं गवत भरलं का. दर वर्षी म्हणायचा, या सुट्टीत येतोच. एकदा पोराचं लग्न निघालं, एकदा नळ फुटून घर दुरुस्त करावं लागलं, एकदा नुसताच आळस. रिस्केल्दी कधी 'का आला नाहीस' म्हणाला नाही. गडी तसाच होता, त्यानं कधी काही मागितलं नाही, आणि न मागणाऱ्याला आपण काही देत नाही.

आणि मग एका दुपारी गवत कापता कापता रिस्केल्दी खाली बसला, विळ्याच्या लांब दांड्यावर डोकं टेकलं आणि गेला.

कासिमअलीला निरोप आला तेव्हा शहरात कुठल्याशा परदेशी पाहुण्यांची धामधूम होती, रस्त्यारस्त्यावर बंदोबस्त होता. मातीला जाता आलं नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. खरं असं, की त्यानं रजा मागितलीच नाही. मागितली असती तर मिळाली असती. पेन्शन हाकेच्या अंतरावर आली होती, आता कशाला साहेबाच्या डोळ्यावर यायचं, एवढाच विचार त्यानं केला. पुढं हा विचार त्याला फार छळायचा होता, पण तेव्हा तो शहाणपणाचा वाटला.

चाळिसाव्याला, म्हणजे मयताच्या चाळिसाव्या दिवशीच्या पंगतीला, मात्र तो निघाला. जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारी गावात पोचला.

रिस्केल्दीच्या घरासमोर यर्ट, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारला होता. तंबूच्या दाराशी थोरला तोक्तोसुन आणि भाऊबंद कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर वाकून उभे होते. आत बायका. मयताला प्रथमच भेटायला येणाऱ्या पुरुषानं लांबूनच मोठ्यानं आक्रोश करत यायचं, आणि तो ऐकून आत विधवेनं पाठ वळवून शोकगीत धरायचं, ही इथली रीत. मुकाट्यानं येणारा माणूस कोरडा समजला जातो. कासिमअली गाडीतून उतरला, टोपी नीट केली आणि त्यानं आवाज लावला, "दादा रे माझ्या! माझ्या रिस्के रे!"

चार पावलं गेला आणि त्याला काश्का दिसला.

तंबूच्या बाजूच्या खुंटाला बांधला होता. अंग खरारा करून लखलखीत, पुढ्यात ओलं गवत, आणि शेपूट कापून आखूड केलेलं. कासिमअलीला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मेलेल्या माणसाचा बसायचा घोडा, त्याचं शेपूट छाटायचं, आणि ज्या दिवशी त्याच्या नावानं पंगत बसेल त्या दिवशी तो कापायचा. हल्ली फार घरांत हे करत नाहीत, दुसरं एखादं जनावर आणतात. पण तोक्तोसुन जुन्या वळणाचा. सरकारनं सन्मानानं दिलेला घोडा आहे, धाकट्याबरोबर तोच जाईल, असं त्यानं ठरवलं होतं.

कासिमअलीचा आक्रोश आता खरा झाला. तेवढ्यात त्याला तंबूशेजारी उभी असलेली जीप दिसली आणि जीपजवळ कर्नल. जिल्ह्याचा नवा प्रमुख. खात्याच्या जुन्या माणसाचं चाळिसावं म्हणून मान द्यायला आला होता.

आत उमसुनायनं शोकगीत धरलं. तिचा आवाज चिरका नव्हता, खालच्या पट्टीतला होता, शब्द सुटे सुटे ऐकू येत. आधी नवऱ्याचे गुण गायले, त्याच्या आजोबांची थोरवी सांगितली. मग कासिमअलीच्या कानावर पडलं:

"दारी उभा गं काश्का, नाही आमच्या मालकीचा
ठेवायाला दिला कुणी, आला धनी आज त्याचा..."

वहिनी हे काय बोलतेय! कर्नल दहा हातांवर उभा. त्यानं अर्थ लावला तर? घोडा कुणाचा, कुणी ठेवला, मग तो पंचनामा कुणाचा? एका क्षणात कासिमअलीला आपली पेन्शन दिसली, कादिरचं तोंड दिसलं. आणि त्यानं केलं ते असं, की कमरेत वाकून, छाती बडवून, गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं टाहो फोडला. "दादा रे! मला टाकून गेलास रे! आता कुणाच्या तोंडाकडं बघू रे!" आतला आवाज पुन्हा वर आला, तसा हा आणखी वर चढला. आत आवाज आणखी एकदा उठला. याचा घसा फाटायची वेळ आली, पण थांबला नाही. मग आतून शब्द येईनासे झाले, नुसते हुंदके राहिले. लोकांनी त्याला धरून बाजूला नेलं, पाणी दिलं. म्हातारे आपसांत म्हणाले, की असा मित्र लाभायला भाग्य लागतं.

चहाला बसले तेव्हा तोक्तोसुन कर्नलला अभिमानानं सांगत होता, की साहेब, तुमच्याच खात्यानं दिलेला घोडा हा. कर्नल नवा, त्याला काय ठाऊक. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, आपलं खातं आपल्या माणसाला विसरत नाही. कासिमअलीनं पाव मोडून तोंडात टाकला.

पण गप्प बसवेना. थोड्या वेळानं त्यानं तोक्तोसुनला बाजूला घेतलं आणि आडून आडून विषय काढला. घोडा म्हातारा आहे, मांस चिवट निघेल, एवढ्या पाहुण्यांना पुरणार नाही. मी आत्ता बाजारात माणूस धाडतो, लठ्ठ तरणी घोडी आणतो, माझ्याकडून. रिस्केचं माझ्यावर ऋण आहे, तेवढं तरी करू द्या.

तोक्तोसुन चिडला नाही, उलट त्याचा आवाज मऊ झाला.

"तुझं मन मोठं आहे, कासिमअली. पण उद्या लोक म्हणतील, भावाचा घोडा मागं ठेवला आणि मित्राच्या पैशानं पंगत घातली. माझ्या भावाजवळ आयुष्यात मिरवायला एवढी एकच गोष्ट होती. ती त्याच्याबरोबर जाऊ दे." मग त्यानं विचारलं, "की त्या घोड्याचं आणि तुझं आणखी काही आहे? असेल तर सांग. तुझा शब्द मी मोडणार नाही."

विचारलं! तोंडावर विचारलं. याहून मोठं दार कुणी उघडून देत नाही. कासिमअलीनं मान वळवून पाहिलं तर कर्नल तंबूच्या कडेला उभा राहून हात धूत होता. आणि दुसरं असं, की खरं सांगायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं होतं, की खात्यानं तुमच्या भावाला काहीही दिलं नाही, त्यानं तुम्हाला थाप मारली. मेलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात खोटं पाडायचं. ते कारण त्यानं मनाशी पुढं धरलं आणि पेन्शनीची भीती त्याच्या मागं लपवली.

"नाही," तो म्हणाला. "जुना सोबती, एवढंच."

संध्याकाळी तो खुंटाजवळ गेला. काश्कानं मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि कपाळ त्याच्या छातीला लावून ढकललं, जसं चौकीत रोज ढकलायचा. कासिमअलीच्या मनात येऊन गेलं, की दावं सोडावं आणि निघावं. गावाबाहेर ओढा, ओढ्यापलीकडं टेकडी, सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. पण चाळिसाव्याच्या घरातून घोडा चोरणारा पोलीस! जन्मभर ज्या चोरांचा माग काढला, त्यांच्यातल्या कुणीही हे केलं नसतं. तोंड उघडणं तर आपल्या हातात होतं, मग ते का उघडलं नाही, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाच नाही. गवताची मूठ भरवली आणि तो शेजारच्या घरी झोपायला गेला.

सकाळी सगळे जमले. तोक्तोसुननं मुद्दाम हाक मारून त्याला पुढं बोलावलं आणि काश्काचं दावं त्याच्या हातात दिलं. मान होता तो. भावाच्या जिवलगानं धरायचा. म्हाताऱ्यांनी तळवे उघडून दुवा केली. काश्का दुसऱ्या कुणी ओढलं असतं तर अडला असता. कासिमअलीच्या मागून तो मुकाट चालत आला.

त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही. दुपारी पंगत बसली, मोठ्या ताटात मांस आलं, जिवलग मित्र म्हणून त्याच्यापुढं मानाचं मोठं हाड ठेवलं गेलं. चाळिसाव्याच्या पंगतीत वाढलेलं नाकारायचं म्हणजे मयताला नाकारायचं. त्यानं खाल्लं. तोंडानं मयताचं भलं चिंतलं, आणि आतल्या आत जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या स्वतःला दिल्या. कर्नल जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, की तुमच्यासारखी जुनी माणसं खात्याचं भूषण आहेत.

पाहुणे पांगले. कासिमअली गाडीशी आला तेव्हा उमसुनाय घराच्या मागल्या बाजूनं आली. डोक्याला काळा रुमाल. हातात गाठोडं, पाहुण्यानं घरी न्यायचा मांसाचा वाटा. तिचा चेहरा महिन्याभरात आटला होता. कासिमअलीनं मान खाली घातली. तिनं इकडं तिकडं पाहिलं, जवळ कुणी नव्हतं.

"लांबू," ती म्हणाली, "तू त्यांना का नेलं नाहीस?"

कासिमअलीला आधी कळेना कुणाला. मग कळलं. ती काश्काबद्दल असं बोलत होती, जसं घरच्या थोराबद्दल बोलतात.

"वहिनी, मी कसा नेणार होतो?"

"ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं. मला काही झालं तर घोडा त्याचा आहे, तो येईल, त्याच्या हातात दे. लोकांत माझी थाप उघडी पडली तर पडू दे, म्हणाले, मेलेल्याला कसली लाज." तिनं गाठोड्याची गाठ चाचपली. "मोठ्या दिरांसमोर मला तोंड उघडता येत नाही. पण शोकगीतात बाई काहीही म्हणू शकते, तिला कुणी अडवत नाही. आणि शोकगीतातला शब्द म्हणजे मयताचा शब्द. मोठ्यांनी ऐकला असता तर त्याच क्षणी दावं तुझ्या हातात दिलं असतं. मी तेच म्हणत होते. धनी आलाय, सोडा त्याचा घोडा, जाऊ द्या त्याच्यासंगं. तीन वेळा म्हटलं."

गाडीच्या दाराला हात टेकून कासिमअली उभा राहिला. गीतातलं पुढचं सगळं त्याला ऐकू आलं नव्हतं, कारण ते ऐकू येऊ नये म्हणूनच तो ओरडत होता. आता मात्र त्यानं खरं सांगितलं, ऐकायला ती एकटीच असताना.

"मी घाबरलो, वहिनी. मला वाटलं, तू मला उघडं पाडतेयस. कर्नल उभे होते. म्हणून मी आवाज चढवला."

उमसुनाय रागावली असती तर बरं झालं असतं.

"असं होय," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुला ह्यांच्यासाठीच एवढं रडू येतंय. म्हटलं, रडू दे त्याला पोटभर, घोड्याचं काय, नंतर बघू. म्हणून मी गप्प झाले."

तिनं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि ती पाहुण्यांची भांडी आवरायला आत निघून गेली.